आधी भूक, मग साखर

वाशाला टांगलेल्या काट्याखाली निळी कापडी झोळी लोंबत होती आणि पोर तिच्यात पाय घालायला तयार नव्हतं. मदतनीसताईंनी त्याला एका हाताने अलगद उचललं, दुसऱ्या हाताने झोळीचे बंद सरळ केले आणि आत सोडलं. काटा गरगरला, थरथरला आणि साडेसात किलोवर थांबला. पोराचं वय एक वर्ष आठ महिने. सेविकाताईंनी आकडा वाचला, वहीत लिहिला, मोबाइलमध्ये भरला. मग त्याच्या दंडाभोवती एक पट्टी गुंडाळली. या पट्टीवर तीन रंग असतात. दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर हिरवा, साडेअकराच्या खाली गेला तर लाल, मधे पिवळा. पट्टी लालवर आली.

पोर रडलं नाही. मला तेच विचित्र वाटत होतं. इतका वेळ दोन अनोळखी बायका त्याला उचलत होत्या, टांगत होत्या आणि ते नुसतं बघत होतं.

"खातो का नीट?" मी आईला विचारलं.

"नाय खात," ती म्हणाली. "भूक मेली त्याची."

मोखाडा तालुक्यातला हा पाडा. ऑगस्टचे दिवस, सकाळपासून पाऊस. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'शरीर' असा दिला आणि मला 'वजन' या शब्दाभोवती लिहायला सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातल्या व्यायामशाळा होत्या, डाएटचे तक्ते होते, आणि अलीकडे ज्यांची फार चर्चा आहे ती वजन कमी करायची इंजेक्शनं होती. पण मग आठवली ती आई. माझ्या आईचं वजन आयुष्यात कधी सत्तेचाळीस किलोच्या वर गेलं नाही. लग्नाच्या फोटोत ती जेवढी होती तेवढीच साठीत होती. ती सारखी दमायची, पाण्याचे तांबेच्या तांबे प्यायची. दोन वर्षं आम्ही ते सांगत होतो आणि दोन वर्षं आमचे डॉक्टर म्हणत होते, "तुम्हाला कसला मधुमेह? तुम्ही तर काडीसारख्या." साखर तपासली तेव्हा ती तीनशेच्या वर होती. डोळ्यांचा पडदा तोवर खराब झाला होता.

बारीक बाईला साखर का होते, या प्रश्नाचा माग काढत मी निघाले आणि मोखाड्याला पोचले. ही वाट सरळ नव्हती, पण आता मागे वळून पाहिल्यावर ती एकच वाट होती असं मला वाटतं.

वाटी ओढून घेतली की

मोखाडा ज्यात येतो तो पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९९२ साली, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा डोंगराळ पट्टा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणला होता. वारली, कातकरी, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी अशा आदिवासींचा हा मुलूख. भात, नागली, वरई, उडीद ही पिकं. दिवाळी झाली, भात झोडून झालं की घरंच्या घरं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जातात. पावसाच्या तोंडावर परततात. जुलै-ऑगस्टमध्ये कणगीतलं धान्य तळाला गेलेलं असतं, नवं यायला अवकाश असतो आणि शेतात लावणीचं काम सगळ्यांत जास्त असतं. कष्ट जास्त आणि घास कमी, असे हे दोन महिने. याच दिवसांत जुलाब, ताप, खोकला. अंगणवाडीच्या वहीत लाल शेरे वाढतात तेही याच दिवसांत.

'भूक मेली' हे त्या आईचे शब्द मी भावनेच्या भरातले समजले होते. ते तंतोतंत खरे आहेत हे मला पोषण पुनर्वसन केंद्रातल्या परिचारिकेने समजावलं. शरीराला बराच काळ पुरेसं मिळालं नाही की ते खर्च बंद करत जातं. काळजाची गती मंदावते, आतड्याचं अस्तर पातळ होतं, यकृत प्रथिनं कमी तयार करतं, अंगात जंतुसंसर्ग असला तरी ताप येत नाही. पोर हसत नाही, रडत नाही, आणि शेवटी मागतही नाही. म्हणून अतितीव्र कुपोषित मूल आलं की आधी त्याची भुकेची चाचणी घेतात. शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल यांपासून केलेला उपचारासाठीचा आहार त्याच्यापुढे धरतात. आवडीने खाल्लं आणि दुसरं दुखणं नसलं तर उपचार गावातच, ग्राम बाल विकास केंद्रात होतात. तोंड फिरवलं, किंवा पायांवर सूज असली, तर दवाखान्यात.

आणि तिथे गेल्यावर त्याला पोटभर जेवू घालत नाहीत. मला हे माहीत नव्हतं. उपाशी शरीरात एकदम अन्न ओतलं तर रक्तातले क्षार कोलमडतात, हृदय थांबू शकतं. सुरुवातीचं दूध मुद्दाम हलकं असतं. त्याला एफ-७५ म्हणतात, कारण त्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, मोजून थोडंथोडं. काही दिवसांनी एफ-१००. या सगळ्यात परिचारिका ज्या खुणेची वाट पाहतात ती काट्यावर दिसत नाही.

"पोरानं वाटी स्वतःकडे ओढून घेतली ना, की आम्ही समजतो. आता जगलं."

अडचण ही की आईला तिथे दोन आठवडे राहावं लागतं. बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळतात, जेवण मिळतं. पण घरी दुसरी दोन पोरं असतात, लावणी अर्धी राहिलेली असते, नवरा किंवा सासू निरोप पाठवते. माझ्या समोर एक बाई तिसऱ्या दिवशी पोर कडेवर घेऊन निघून गेली. परिचारिकेने तिला अडवलं नाही. तिने तिच्या गावच्या आशाताईला फोन लावला आणि म्हणाली, "उद्या सकाळी तिच्या घरी जा, ओरडू नको."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि ३६ टक्के कमी वजनाची. याच पाहणीत राज्यातल्या प्रौढ बायकांपैकी सुमारे २१ टक्के हडकुळ्या आणि २३ टक्के जादा वजनाच्या आहेत. आपण हे दोन आकडे दोन वेगळ्या महाराष्ट्रांचे समजतो. एक डोंगरातला, एक शहरातला. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी आयुष्यभर केलेलं काम सांगतं की हा हिशेब चुकतो.

शिरूरकडची सहा गावं

पुण्याच्या केईएम रुग्णालयात मधुमेहाचे रुग्ण तपासताना डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना १९८० च्या दशकात एक गोष्ट खटकत होती. पाठ्यपुस्तकांत या रोगाचा रुग्ण वयस्क आणि लठ्ठ होता. समोर बसलेली माणसं तरुण होती आणि बारीक होती. त्या सुमारास इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनमध्ये डेव्हिड बार्कर मांडत होते की प्रौढपणीच्या हृदयविकाराची बीजं आईच्या पोटातच, तिला मिळालेल्या अन्नात असतात. याज्ञिकांनी हा प्रश्न आपल्या मातीत नेला. केईएमच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढूला आरोग्यकेंद्र उभारून त्या पंचक्रोशीत आधीच विश्वास कमावला होता. १९९३ साली त्या भागातल्या सहा गावांत अभ्यास सुरू झाला: लग्न झालेल्या बायका, त्यांची पाळी, त्यांचं गरोदरपण, त्यांचं ताट, त्यांचे कष्ट आणि त्यांची बाळं.

या आया सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास होत्या. बाळं सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथपर्यंत कुणालाच नवल वाटलं नसतं. पण याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळं नुसती तोलली नाहीत. दंडाचा घेर मोजला, पोटाचा मोजला, डोक्याचा मोजला आणि पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, कातडीची घडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजली. इंग्लंडच्या बाळापेक्षा आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान होतं. पण सारखंच लहान नव्हतं. दंडाचे स्नायू आणि पोटातले अवयव फार कमी भरले होते. मेंदू बऱ्यापैकी सांभाळला गेला होता. आणि फऱ्याखालची चरबी जवळजवळ राखलेली होती. वजनाने बारीक, आतून चरबीचं. या बाळाला त्यांनी 'बारीक-लठ्ठ' बाळ म्हटलं.

मी एका सकाळी या शोधनिबंधाची पानं समोर घेऊन बसले होते आणि माझ्या आईच्या जन्माचा विचार करत होते. माझी आजी सात बाळंतपणं झालेली. आई पाचवी.

पोटातल्या बाळाला तुटपुंजं मिळालं तर ते वाटणी करतं. आधी मेंदू. स्नायूंना नंतर, उरलं तर. स्वादुपिंडालाही कमी. पुढे त्याला मुबलक खायला मिळालं की ते अन्न पोटाभोवती चरबी होऊन साठतं. जेवणानंतर रक्तातली साखर ओढून घेणारं सगळ्यांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते कोठारच लहान बांधलेलं. साखर मग रक्तात राहते.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचा फोटो छापला. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, एकच: २२.३. दोघेही कागदावर उत्तम. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. एकाच आकड्याची दोन शरीरं.

हा निर्देशांक बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाच्या एकोणिसाव्या शतकातल्या हिशेबावरून आला. केटले माणसांच्या समूहांची सरासरी शोधत होते. एकेका माणसाच्या तब्येतीचा निकाल लावणं हा त्यांचा हेतू नव्हता. आपल्याकडे आता २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० ऐवजी. त्याहून मला भावली ती साधी सुतळी. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की सावध व्हावं. नाहीतर आपल्या उंचीएवढी सुतळी कापावी, तिची मधोमध घडी घालावी आणि ती कमरेभोवती पुरते का पाहावं. माझं वजन चोपन्न किलो. सगळे मला बारीक म्हणतात. सुतळी मला पुरली नाही.

शिरूरकडच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी निघाल्या आणि मला त्या सगळ्यांत मोलाच्या वाटतात. ज्या आयांच्या जेवणात गरोदरपणी पालेभाजी, फळं, दूध वरचेवर होतं त्यांची बाळं मोठी होती. ज्या शेतात आणि घरात जास्त राबल्या, पाणी भरत राहिल्या, त्यांची लहान. दुसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. ते दूध-दही, अंडी, मांस-मासळीतूनच येतं, भाजी-भाकरीतून येत नाही. बहुतेक आयांमध्ये ते कमी होतं. आणि ज्यांच्यात ब-१२ कमी पण फोलेट जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच चरबी जास्त आणि इन्शुलिनचा परिणाम कमी आढळला. पोट भरलेलं असूनही शरीर उपाशी राहतं ते असं.

बाहत्तरची आजी

त्याच शिरूर तालुक्यातलं एक गाव, अभ्यासातलं नव्हे. ओट्यावर बसलेली आजी पंचाहत्तरीची असावी. नेमकं वय तिला सांगता येत नाही. पण १९७२ चा दुष्काळ कालचा असल्यासारखा सांगते.

"खडी फोडली आमी. पाझरतलावाच्या कामावर. तिथंच सुकडी मिळायची, पोरास्नी आन् आमास्नी बी. मिलो यायचा रेशनला, लाल लाल. भाकर थापली की तुटायची. गिळवत नव्हता, पर गिळला."

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या कामांनी माणसं वाचवली हे इतिहासात नोंदलेलं आहे आणि रोजगार हमी त्यातूनच कायद्यात आली. आजीही तेच म्हणते, "सरकारनं मरू दिलं न्हाई." पण वाचणं आणि भरणं यांत फरक असतो. खडी फोडत होती तेव्हा आजी गरोदर होती. थोरला मुलगा त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात झाला. त्याला पस्तिशीत साखर निघाली, बेचाळिसाव्या वर्षी पायाचं बोट काढावं लागलं. नातू एकोणतीस वर्षांचा, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. रात्रपाळीत कँटीनचं जेवण, पहाटे बाहेर पडल्यावर गेटसमोर वडापाव आणि गोड चहा. पाय काटकुळे, दंड बारीक, शर्टाच्या खालच्या गुंड्या ताणलेल्या. गेल्या वर्षी कंपनीच्या तपासणीत साखर सापडली.

एका घरावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. नातवाची साखर वडापावमुळेही असेल, रात्रपाळीमुळेही, बापाकडून आलेल्या रक्तामुळेही. पण देशात आज १० कोटींवर माणसं मधुमेही आहेत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सांगितलं, आणि त्यांतल्या कितीतरी घरांच्या ओट्यावर अशी एखादी आजी बसलेली असणार. आपण नातवाला म्हणतो, तोंडावर ताबा ठेव. आजीला कुणी काही विचारत नाही.

नातसून सहा महिन्यांची गरोदर होती. आम्ही बोलत असताना ती तिसऱ्यांदा हंडा घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात तिचं डोहाळजेवण होतं, त्याची तयारी सांगताना सगळ्यांचे चेहरे फुलले होते: पाच पक्वान्नं, हिरवी साडी, फुलांची वाडी. मी विचारलं, "रोज कधी जेवतेस?" ती हसली. "सगळ्यांचं झालं की." मग हळूच म्हणाली की फार खाऊ नको असं घरात सांगतात, बाळ मोठं झालं तर सुटका अवघड होते. ही समजूत अनेक ठिकाणी आहे आणि तिच्यामागे भीती खरी आहे. जिथे मोठ्या दवाखान्याची सोय नव्हती तिथे बायकांनी अडलेली बाळंतपणं डोळ्यांनी पाहिली आहेत. पण त्या भीतीची किंमत बाळाच्या दंडातून वसूल होते.

मोखाड्यात मी २०१५ साली सुरू झालेला अमृत आहार पाहिला होता. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक पूर्ण, ताजं जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळी, शेंगदाण्याचा लाडू. त्या योजनेतली सगळ्यांत शहाणी गोष्ट म्हणजे जेवण अंगणवाडीत बसून करायचं. सेविकाताईंनी एका वाक्यात सांगितलं, "घरी नेलं तर घर खातं." लावणीच्या दिवसांत बायकांना दुपारी अंगणवाडीपर्यंत येणं जमत नाही, कधी इंधनाचे पैसे उशिरा येतात, कधी अंडी. तरीही त्या अर्ध्या तासात एका बाईच्या पुढ्यात फक्त तिचं ताट असतं. शिरूरच्या त्या नातसुनेला ते ताट नाही. तिचं घर आदिवासी भागात येत नाही आणि गरीबही नाही. दारात दोन दुचाकी आहेत.

"तब्येत सुधारली की!"

आपण ज्या शब्दांत शरीराबद्दल बोलतो ते या सगळ्या इतिहासातून आले आहेत. मराठीत 'तब्येत' म्हणजे आरोग्य, आणि 'तब्येत सुधारली' म्हणजे वजन वाढलं. जाड माणूस 'खात्यापित्या घरचा'. बाळाचं 'बाळसं', नव्या सुनेने 'अंग धरणं' हे कौतुकाचे शब्द. ज्या समाजाने दर पाच-दहा वर्षांनी दुष्काळ पाहिला त्याला चरबी ही शिल्लक वाटणारच. आणि आता त्याच तोंडी 'सुटलीस किती', 'जरा कमी कर' हे शब्द आले. एकाच लग्नघरात एका मुलीला 'वाळलीस गं' आणि दुसरीला 'आवर आता' असं मी ऐकलं आहे. दोघींच्या ताटात मात्र आग्रहाने तिसरी जिलबी पडतेच, आणि ती खाल्ली नाही तर रागावतात.

उपासाचंही तसंच. एकादशीला, चतुर्थीला पोटाला विश्रांती हा विचार चांगलाच. पण आपल्या उपासाचं ताट साबुदाण्याने, बटाट्याने भरलं आहे. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ पिष्टमय भाग. दाण्याचं कूट घातलं नाही तर त्यात प्रथिन जवळजवळ नाही. वरई, राजगिरा, ताक हेही उपासालाच चालतात आणि ते कितीतरी बरे, हे आपल्या आज्यांना माहीत होतं.

गेल्या काही वर्षांत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवणाच्या पद्धतीने महाराष्ट्र ढवळला. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांचा: कडक भूक लागते ती दोन वेळ ओळखायची, तेव्हाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत संपवायचं, एरवी काही नाही. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर दर दोन-तीन तासांनी थोडं खायला सांगत होत्या. घराघरांत या दोन पक्षांची भांडणं झाली. मला स्वतःला या वादातून मिळालेली चांगली गोष्ट एकच वाटते: दिवसभर चहा-बिस्किटं खाणाऱ्या हजारो माणसांनी 'मला खरंच भूक लागली आहे का' हा प्रश्न प्रथमच स्वतःला विचारला. पण ज्यांच्या अंगात मुळात शिल्लक नाही, ज्या मुली वाढीच्या वयात आहेत, ज्या बायका बाळंत होणार आहेत, त्यांनी परस्पर जेवणं गाळू नयेत.

पुण्यात एका मुलीशी बोलले, वय एकोणीस. दिवसातून सहा वेळा वजन करते. सकाळी अर्धी पोळी, दुपारी काकडी. रात्री अकरानंतर मात्र मोबाइलवर पाककृतींचे व्हिडिओ तासन्‌तास बघते. "का बघते ते मला कळत नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला एका जुन्या प्रयोगाची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते स्वखुशीने तयार झाले होते. युद्धाने उपाशी राहिलेल्या युरोपला पुन्हा कसं जेवू घालायचं हे त्यांना शिकायचं होतं. त्या तरुणांचं वजन चौथाईने घटलं. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले, चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले. जेवण पुन्हा मिळू लागल्यावर काहींची भूक कितीतरी महिने शमेना.

त्या तरुणांमध्ये आणि या मुलीमध्ये शरीर फरक करत नाही. दुष्काळ बाहेरून आला की आपणच आणला, हे त्याला कळायला मार्ग नाही. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक स्रवतं, हे १९९४ साली कळलं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू दुष्काळ जाहीर करतो: भूक वाढव, खर्च कमी कर. डाएट सोडल्यावर वजन परत येतं याला आपण 'मनाचा कच्चेपणा' म्हणतो. तो कच्चेपणा नाही. हजारो वर्षं याच गुणावर आपण जगलो. त्या मुलीला मी एका मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं, आणि तिच्या आईला घरातला वजनकाटा उचलून ठेवायला.

सुई

२०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली. आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. जेवणानंतर आतड्यातून जो 'पुरे' असा निरोप मेंदूला जातो, त्या निरोपाची ही दीर्घकाळ टिकणारी नक्कल. पोट सावकाश रिकामं होतं, भूक लागत नाही. पुण्यातल्या एका मधुमेहतज्ज्ञाच्या दवाखान्यात भेटलेल्या बावन्न वर्षांच्या शिक्षिकेचं वजन ९६ वरून ८५ वर आलं होतं. गुडघे हलके झाले होते. पण तिला सांगायचं होतं ते दुसरंच. "लहानपणापासून माझ्या डोक्यात सतत खाण्याचा विचार असायचा. सगळे म्हणायचे, हावरट. आता तो आवाज बंद झालाय. म्हणजे मी हावरट नव्हतेच ना?"

नव्हतीच. तिला हे पन्नास वर्षं कुणी सांगितलं नाही.

तिच्यासारख्यांना हे औषध मिळालं पाहिजे. पण लग्नाआधी पाच किलो उतरवायला ते मागणारेही दवाखान्यात येतात, आणि त्यांचीच मला काळजी वाटते. या औषधाने वजन उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही उतरतात. ज्या देशाची बाळं मुळातच कमी स्नायूंची जन्मतात तिथे हा हिशेब आणखी जपून करावा लागेल. त्या डॉक्टरांनी शिक्षिकेला चिठ्ठीवर औषधाच्या वर लिहून दिलं होतं: रोज डाळ-उसळ, अंडी, दही आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम. पेटंटची मुदत संपली की औषधं स्वस्त होतात. अशा वेळी ही चिठ्ठी सगळ्या डॉक्टरांच्या हातात असावी.

दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा ती मोखाड्यातली आई आठवली. भूक मेली, म्हणून घाबरलेली.

पुन्हा पाड्यावर

सप्टेंबरच्या शेवटी परत गेले. पाऊस उघडला होता, भात निसवला होता. पोषण महिना असल्यामुळे अंगणवाडीच्या भिंतीला कागदी फुलं लावली होती आणि पाटावर टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला, नागलीचे लाडू मांडले होते. ते पोर गावातल्याच केंद्रात महिनाभर उपचारावर होतं. मला पाहून ते आईच्या मागे लपलं. झोळीत घातल्यावर त्याने भोकाड पसरलं, आणि सेविकाताई हसल्या. आठ किलो तीनशे. दंड पिवळ्या पट्ट्यात.

आई दारात उभी होती. एकवीस वर्षांची. मी विचारलं, "तुझं वजन किती?" तिला माहीत नव्हतं. शेवटचं ह्याच्या वेळी केलं होतं, पोटात असताना. कोपऱ्यात मोठ्या माणसांचा सपाट काटा होता. सेविकाताईंनी तो फडक्याने पुसला, तिला वर उभं केलं.

छत्तीस किलो चारशे ग्रॅम.

सेविकाताईंनी पोराच्या नावापुढे त्याचं वजन, उंची आणि दंडघेर भरला. मग आईचा आकडा समासात पेन्सिलीने लिहिला. त्या पानावर आईसाठी रकाना नाही.